पक्कडवहिनी आणि एका पत्त्याची इमारत

लग्न होऊन घरात आल्यावर वहिनींनी पहिली वस्तू उघडली ती सासूबाईंचा मिक्सर. तो बिघडलेला नव्हता. नव्या सुनेचं म्हणणं एवढंच, की आवाज जरा वेगळा येतोय. सासूबाई खिडकीशी भाजी निवडत बसल्या होत्या. मान वळवून बघतात तो ओट्यावर मिक्सरची आतडी पसरलेली. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा जोडून झाला, चाललाही झकास, फक्त एक स्क्रू उरला. सासूबाईंनी तो उचलून डबीत ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस आल्यागेल्याला दाखवत राहिल्या, "हा बघा, आमच्या सुनेनं घातलेला पहिला दागिना."

पक्कडवहिनी हे नाव त्यांना खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यानं दिलं. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण पक्कड हवीच, अशी त्यांची तऱ्हा. शिवाय एखादी गोष्ट एकदा धरली की सोडायची नाही, हाही अर्थ त्यात आपोआप आला. वहिनींना नाव आवडलं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "बरं आहे की." नवरा बस चालवायचा. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन तो इतका थंड झाला होता, की घरात टीव्ही उघडा पडलेला दिसला तर शेजारच्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचा.

वहिनींची नोकरी चष्म्याच्या दुकानात. पुढे मालक गिऱ्हाइकाला फ्रेमा दाखवायचा, मागच्या खोलीत वहिनी काचा घासून त्या फ्रेमांत बसवायच्या. काम नाजूक. एवढीशी काच जरा जास्त घासली गेली की गेली. तिथे त्यांच्या हातून सहसा चूक होत नसे. चुका करायला त्यांच्याकडे घर होतं.

तर अशा या वहिनींवर इमारतीचं इंटरनेट येऊन पडलं, ते असं.

इमारतीत प्रत्येकाकडे फोनवरचं तुटकं-फुटकं इंटरनेट होतं. बोलता बोलता समोरच्याचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज नंतर यायचा. मग एका कंपनीनं सांगितलं की आम्ही इमारतीला मिळून एक दणकट लाइन देतो, आत कशी वाटून घ्यायची ते तुमचं तुम्ही बघा. त्यासाठी गच्चीवर सभा भरली. सेक्रेटरी म्हणजे शाळा तपासणीतून निवृत्त झालेला माणूस. अजूनही समोर दिसेल त्याला तपासायचा. त्यानं विचारलं, हे वाटणीचं काम कोण करणार? सगळे चपला न्याहाळू लागले. तेवढ्यात वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "आमची सून करेल."

वहिनी दचकल्या. सासूबाईंनी त्यांच्या कुठल्याही करणीवर विश्वास दाखवल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं. काम नेमकं काय आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण तोंडातून "करते" निघून गेलं, आणि मग पक्कड बसली ती बसली.

पुढचे काही दिवस वहिनी जेवताना एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं फोन धरून वाचत होत्या. पुढच्या सभेत त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. आमच्या दुकानात कसं, गिऱ्हाइकं अनेक, पण कारखान्याला काचांची मागणी जाते ती दुकानाच्या नावानं. कारखान्याला ना तुमचं नाव माहीत ना तुमचं नाक. काचा दुकानाच्या पत्त्यावर येतात आणि कुठली कोणाची ते आम्ही लक्षात ठेवून ज्याच्या त्याच्या हातात देतो. तसंच हे. मधे एक कॉम्प्युटर बसवायचा. तुमच्या घरातून काही मागवलं, की तो त्यावरचा तुमचा घरगुती पत्ता काढून स्वतःचा चिकटवणार आणि बाहेर पाठवणार. उत्तर आलं की ज्याचं त्याला देणार. बाहेरच्या जगाला इमारतीचा एकच पत्ता दिसेल.

"म्हणजे आपण सगळे मिळून एक माणूस?" विमावाल्यानं विचारलं.

"बाहेरून बघणाऱ्याला, हो."

"कोण?" असं तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरनं काळजीनं विचारलं, पण सभा तोवर वर्गणीवर गेली होती.

दुकानात डोळे तपासायच्या यंत्राला जोडलेला एक जुना कॉम्प्युटर होता. मालक तो भंगारात काढणार होता, तो वहिनींनी मागून आणला. नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी तो खांद्यावर घालून जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत नेऊन ठेवला आणि कशासाठी ते न विचारता मजल्यामजल्यावर वायरी ओढून दिल्या. वहिनींनी यंत्र उघडून आत दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. एक कार्ड बाहेरच्या लाइनीसाठी, एक आतल्या घरांसाठी. त्यावर फुकटात मिळणारी प्रणाली चढवली. या खेपेला स्क्रू उरला नाही, उलट एक कमी पडला. वहिनींना तो शुभशकुन वाटला.

सगळं जोडून झाल्यावर वेगळाच तमाशा. मीटरच्या खोलीत त्या यंत्रावर जगातलं काहीही उघडत होतं, पण वर कोणाच्या घरात काही येईना. यंत्र आपण पोटभर खात होतं आणि दारात उभ्या असलेल्यांना ओळखही दाखवत नव्हतं. सेक्रेटरी दर थोड्या वेळानं जिन्यावरून "आलं का?" विचारायचा. ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहावं तसा. शेवटी अशी कामं करणाऱ्यांच्या एका चर्चेच्या पानावर कोणीतरी वहिनींना सांगितलं, की बाई, दुसऱ्याचं सामान इकडून तिकडे करणं हे यंत्राच्या स्वभावात नाही, त्याला तसं सांगावं लागतं. एका ठिकाणी शून्य असतं, तिथे एक लिहा. वहिनींनी शून्याचा एक केला, पत्ता बदलायचा हुकूम खाली लिहिला, आणि विमावाल्याच्या घरातून आरोळी आली की आलं.

ते आलं खरं, पण दुसऱ्या दिवशी इमारतीसकट अख्ख्या गल्लीचं गेलं.

दुपारी कंपनीची इंजिनीअर बाई वायरीचा माग काढत मीटरच्या खोलीपर्यंत पोचली. वहिनींना दुकानातून बोलावून आणलं गेलं. साफसफाई करताना त्यांनी दोन्ही वायरी काढल्या होत्या आणि परत लावताना आतली बाहेर, बाहेरची आत अशी अदलाबदल झाली होती. त्यामुळे घरातल्यांना घरगुती पत्ते वाटण्याचं काम त्यांचं यंत्र बाहेर तोंड करून करत होतं आणि अख्खी गल्ली भुलून तेच पत्ते घेऊन अडकली होती.

"तुमचं यंत्र गल्लीभर वाटप करत सुटलंय," इंजिनीअर बाई म्हणाली. "निवडणुकीला उभं आहे का?"

वहिनींना वाटलं आता लाइन कापणार. पण बाईंनी जमिनीवर फतकल मारली, सगळं तपासलं, दोन चुका आणखी काढल्या, बाहेरून आत कोणाला घुसता येऊ नये म्हणून काय करायचं ते बसून शिकवलं आणि बाहेरच्या वायरीला लाल चिकटपट्टी लावून दिली. जाताना म्हणाली, की काम कच्चं आहे पण डोकं बरं आहे. वहिनींनी हे वाक्य घरी फक्त उत्तरार्धापुरतं सांगितलं.

त्यानंतर इंटरनेट सुरळीत झालं आणि इमारतीत शांतता पसरली. माणसं आपापल्या घरात काय बघत होती कोण जाणे, पण जिन्यावरची भांडणं कमी झाली.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या दोन भावांबद्दल सांगायला हवं. थोरले आणि धाकटे म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. शेजारी शेजारी घरं, मधे एकच भिंत, दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. पूर्वी दोघांचा मिळून छापखाना होता. एकदा गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या निधनाची पत्रिका छापायला आली. तीत "दुःखद निधन" याऐवजी "सुखद निधन" छापलं गेलं आणि तशीच घरोघर वाटली गेली. थोरले म्हणायचे, धाकट्यानं जुळवलं. धाकटे म्हणायचे, थोरल्यानं तपासलं नाही. छापखाना त्यात बुडाला नाही, तो पुढे आपल्या मरणानं मेला, पण भावांचं नातं तिथेच संपलं. वहिनींच्या सासूबाईंचं मत असं, की त्या व्यापाऱ्याच्या सुनांना विचारलं असतं तर चूक काहीच नव्हती.

तर एका सकाळी हे थोरले हातात फोन घेऊन सेक्रेटरीकडे गेले. ते रोज इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायचे. आज खेळायला बसले तर खातं बंद, आणि इंग्रजीत लांबलचक निरोप. सेक्रेटरीनं चष्मा लावून पहिली ओळ वाचली. तुमच्या पत्त्यावरून गैरप्रकार झाल्याचा संशय आहे, असं तीत होतं. पुढचं वाचायची त्याला गरज वाटली नाही. तपासणीत आयुष्य गेलेल्या माणसाला पहिली ओळ पुरते. त्यानं जिन्याशी फलकावर लिहिलं: "इमारतीच्या इंटरनेट-पत्त्यावरून गैरप्रकार झाल्याचे उघडकीस आले आहे. संबंधित व्यक्तीने स्वतःहून पुढे यावे."

मग काय. वहिनी दुकानातून घरी आल्या तर दारात दातांचा डॉक्टर उभा. आत यायला तयार नाही, तोंडाला मास्क तसाच. हळू आवाजात त्यानं विचारलं की त्या यंत्रात कोणी काय बघितलं ते सगळं लिहिलेलं असतं का. वहिनी म्हणाल्या, मी काही साठवून ठेवत नाही, कोणाच्या उचापती वाचायला मला सवड कुठे. पण त्याला धीर धरवेना. त्यानं सांगून टाकलं, की अवघड दाढ असली तर तो आतल्या खोलीत जाऊन आधी दुसऱ्या डॉक्टरांचे व्हिडिओ बघतो. हा गैरप्रकार आहे का? वहिनींच्या स्वतःच्या तीन दाढा त्यानं केलेल्या होत्या. त्या जिभेनं चाचपत त्यांनी त्याला सांगितलं, की उलट जास्त बघत जा.

तो गेला तो विमावाला आला. स्वतःच्या कामाची तारीफ तो निरनिराळ्या नावांनी स्वतःच लिहीत असे, एकदा तर एका विधवेच्या नावानं रडूनही झालं होतं. मग खुद्द सेक्रेटरी. फलक लिहून खाली उतरता उतरता त्याला आठवलं होतं, की आपण रोज दुसऱ्या इमारतींमधली घरं शोधतो. ही गोष्ट सभेपुढे येऊ नये अशी त्याची विनंती होती. नवराही जेवताना अचानक म्हणाला, "मी बसगाड्या बघतो. परदेशातल्या." थोडं थांबून म्हणाला, "दुमजली." वहिनींनी त्याच्या ताटात भाजी वाढली.

आणि मग सासूबाई. त्या अंथरूण घालता घालता, पाठ फिरवूनच बोलल्या. बायकांच्या कुठल्याशा पानावर त्यांनी मागेच विचारलं होतं, की सून घरातली प्रत्येक वस्तू उघडते, उपाय काय? बऱ्याच जणींनी भलतेसलते उपाय सुचवले. एकीनं मात्र लिहिलं, की तिला एखादी मोठी वस्तू द्या, लहान वाचतील.

"म्हणून सभेत माझं नाव घेतलंत?"

"मिक्सर नवा घेतला होता," सासूबाई म्हणाल्या आणि चादर झटकली.

वहिनींना राग यायला हवा होता. पण हसू आलं, आणि हसताना हेही लक्षात आलं, की सासूबाईंइतकं नीट आपल्याला दुसरं कोणी ओळखत नसेल.

एवढ्या सगळ्यांच्या कबुल्या ऐकून झाल्यावर वहिनींना सुचलं, की तो मूळ निरोप आपण वाचलेलाच नाही. त्या थोरल्यांकडे गेल्या आणि शब्दन् शब्द लावून वाचला. त्यात लिहिलं होतं, की "जुना घोडा" आणि "काळा उंट" ही दोन खाती एकाच पत्त्यावरून एकमेकांशी सतत खेळतात, तेव्हा एकच माणूस दोन्हीकडून खेळून स्वतःला जिंकवतोय असा संशय आहे.

जुना घोडा म्हणजे थोरले. काळ्या उंटाबद्दल त्यांनी तळमळून सांगितलं. तो परदेशातला कोणी सद्गृहस्थ असणार. त्या खेळात समोरचा माणूस आपल्या तोडीचा बघून गाठ घालून देतात. ह्याच्याशी गाठ पडली आणि मग दुसऱ्या कोणाशी खेळावंसंच वाटेना. काय सभ्य माणूस. हरला तर कुरकुर नाही, जिंकला तर मिजास नाही. अशा माणसावर माझ्यामुळे बालंट आलं याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

वहिनी बाहेर आल्या. एकच पत्ता म्हणजे याच इमारतीतला. पत्ता त्यांनीच तर एक केला होता. त्या जिन्यात उभ्या राहून एकेका घराचा विचार करत होत्या तोच शेजारचं दार उघडलं आणि धाकट्यांनी फोन पुढे केला. म्हणाले, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो, माझ्या एका परदेशी मित्रावर हकनाक आळ आलाय.

वहिनींनी फोनवर बघितलं. काळा उंट.

त्यांनी घरी येऊन सासूबाईंना विचारलं, सांगावं की नाही. कारण निरोपाच्या शेवटी असंही होतं, की दोघे वेगवेगळे आहात हे दाखवायला दोघांचा एकत्र फोटो पाठवा, नाहीतर दोन्ही खाती कायमची बंद. न सांगता भागणार नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "सांग. पण दोघांच्या मधे उभी राहू नकोस."

वहिनींनी दोघांना जिन्यात बोलावलं आणि सरळ सांगितलं. चूक कोणाची नाही, माझ्या यंत्राची रीतच तशी आहे. तुम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी खेळत होता आणि बाहेरून तो एकच माणूस दिसत होता. एवढं बोलून त्या दोन पायऱ्या खाली सरकल्या.

 मग थोरले वहिनींकडे बघून म्हणाले, "त्याला सांगा, परवा त्यानं माझा वजीर मारला तो केवळ नशिबानं." धाकटेही वहिनींनाच म्हणाले, "त्यांना सांगा, नशीब दर डावाला नसतं." सभ्य सद्गृहस्थ जागच्या जागी संपला. दोघं आत गेले, दारं आपटली.

पण खेळाची तलफ वाईट. काही दिवस दोघं पिंजऱ्यातल्यासारखे आपापल्या गॅलरीत येरझारा घालत राहिले, आणि मग वेगवेगळे येऊन वहिनींना म्हणाले की तो फोटो काय तो काढून टाका. डॉक्टरच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोघांना बसवलं. मधे तिसरा माणूस आरामात बसेल एवढी फट. चेहरे असे की दोघांचीही दाढ एकाच वेळी निघणार आहे. वहिनींनी फोटो पाठवला.

उत्तर आलं, की संशय बळावला आहे. एकाच माणसाचा फोटो दोनदा चिकटवलेला दिसतो.

आता बघितलं तर खरंच होतं. तेच नाक, तेच टक्कल, तसाच वाकडा कान. वर्षानुवर्षं शेजारी राहून हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दोघं एकत्र कधी दिसलेच नव्हते. थोरल्यांना या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आला. खेळवाल्यांनी शेवटचा उपाय सांगितला होता, की दोघांनी समोरासमोर पटावर एक डाव खेळायचा आणि तो कॅमेऱ्यातून आम्हाला दाखवायचा.

डाव डॉक्टरच्या दवाखान्यात रविवारी मांडला. कॅमेरा वहिनींच्या फोनचा, फोन औषधांच्या खोक्याला टेकवलेला. बघायला अख्खी इमारत. दोघं पटाकडेच बघत होते. सोंगट्या ठेवताना एकमेकांच्या बोटांना बोट लागू नये इतकी काळजी. डाव चांगला रंगला. मधेच थोरल्यांनी घोड्याला हात लावला, काहीतरी दिसलं, आणि हात हळूच उंटाकडे नेला.

"दादा, हात लावलायस," धाकटे म्हणाले. "घोडाच खेळ."

दवाखान्यातल्या सगळ्या माना धाकट्यांकडे वळल्या. धाकट्यांच्याही उशिरा लक्षात आलं की आपण बोललो. त्यांचे कान लाल झाले, वाकडा जरा जास्तच.

थोरल्यांनी मान वर केली नाही. "लावला तर लावला," ते पुटपुटले. "खेळतोय ना." आणि घोडा खेळले. त्या घोड्यापायी पुढे डाव गेला. उठताना धाकट्यांनी त्यांची काठी उचलून दिली आणि थोरल्यांनी ती घेतली. सेक्रेटरीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, पण वहिनींच्या सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं हात खिशात घातले.

खाती सुरू झाली. असं पुन्हा कोणावर येऊ नये म्हणून वहिनींनी इंजिनीअर बाईंच्या मदतीनं इमारतीसाठी दुसरा एक पत्ता मागून घेतला आणि धाकट्यांचं घर त्यावर टाकलं. हे काम मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. पुढे गल्लीतल्या आणखी दोन इमारतींनी त्यांना बोलावलं. वायरी ओढायला नवरा होताच.

भाऊ काही गळ्यात गळे घालून फिरू लागले नाहीत. समोरासमोर खेळायला सुचवलं तर दोघंही नको म्हणाले, तोंड बघावं लागतं. आपापल्या घरात बसून पूर्वीसारखेच फोनवर खेळतात. फरक एवढाच, की धाकट्यांनी चालीला फार वेळ लावला तर थोरले मधल्या भिंतीवर काठी आपटतात, आणि चाल जोरदार बसली तर पलीकडून धाकटे दोनदा ठोकतात. विमावाल्याची झोपायची खोली बरोबर त्या भिंतीखाली. त्यानं वहिनींकडे तक्रार केली, की दुपारी अंग टाकलं की इंटरनेटचा ठकठक आवाज येतो, काहीतरी ढिलं झालंय. वहिनी त्याच्या खोलीत जाऊन ऐकून आल्या आणि म्हणाल्या, ते आता असंच चालणार, तुम्ही पलंग दुसऱ्या भिंतीला लावा. विमावाल्यानं पलंग हलवला.